पाहुण्यांसाठी धुतलेली मिल

लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका राईस मिलमध्ये मी काही वर्षं नोकरी केली. त्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की मी विषय बदलते, कारण आठवलं की किळस येते. पण आता पुन्हा वर्तमानपत्रांत चीनशी बोलणी सुरू झाल्याच्या, एकमेकांचे बाजार मोकळे करण्याच्या बातम्या येऊ लागल्या आहेत. आमच्याकडचे लोक पुन्हा हरखून बोलू लागले आहेत. तेव्हा एकदा सांगूनच टाकते.

भंडाऱ्याला बी.एस्सी. करून मी घरी परत आले होते. मिलमध्ये लॅबसाठी माणूस हवा होता. लॅब म्हणजे ऑफिसला लागून एक खोली, ओल मोजायचं यंत्र, तराजू आणि चाळण्या. आलेल्या धानात ओल किती, निघालेल्या तांदळात तुकडा किती, खडा किती, किडा आहे का, एवढं पाहायचं. वर्षातला बराच काळ मिलमध्ये सरकारी धान भरडलं जाई. सोसायट्यांनी शेतकऱ्यांकडून घेतलेलं धान आमच्याकडे येई आणि त्याचा तांदूळ रेशनच्या दुकानांत जाई.

मिल कशी होती ते सांगायला हवं. पत्र्याखाली कबुतरांची वस्ती. पोत्यांच्या थप्प्यांमागे उंदीर. खिडक्यांना जाळ्या नाहीत. मी रुजू झाले तेव्हापासून जाळ्या मागत होते. शेठ म्हणजे मिलचे मालक हसायचे.

"मॅडम, उंदीर कोणाच्या घरी नाही? लोक धुऊनच शिजवतेत."

मिलमध्ये बायकांची एक टोळी कामाला होती. धान वाळत घालायचं, उलटं-पालटं करायचं, यंत्राखाली सांडलेलं फड्यानं झाडून घ्यायचं, सुपानं पाखडायचं. त्यांतली सगळ्यांत जुनी जी होती तिला आम्ही सगळे मावशी म्हणत असू. तिचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं होतं. पूर्वी घरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करणारी ही बाई पुनर्वसनाच्या गावातून एसटीनं मिलमध्ये येई. झाडून गोळा केलेली मातीमिश्रित कणी, म्हणजे तांदळाचा बारीक तुकडा, बायकांनी घरी न्यायची अशी मिलची जुनी रीत होती. मावशी त्यावर कोंबड्या पाळायची. कोंबड्यांबद्दल ती इतकं बोलायची की मला त्यांतल्या प्रत्येकीचा स्वभाव माहीत झाला होता.

एके दिवशी शेठ ऑफिसात पेढे घेऊन आले. चीन आपला साधा तांदूळ घ्यायला तयार झाला होता. इतकी वर्षं त्यांचा माल आपल्याकडे येत होता, आपल्या तांदळाला मात्र तिकडे दार बंद होतं. आता ते उघडणार होतं, पण एका अटीवर. त्यांचे अधिकारी स्वतः येऊन मिली तपासणार, आणि ज्या मिली पास होतील त्यांनाच माल पाठवता येणार.

"केवढा मुलूक आहे मॅडम! आणि सारेच भात खातेत," शेठ म्हणाले. "आपल्या जिल्ह्यातलं धान पुरायचं नाही त्यायले."

मलाही आनंद झाला होता. माझ्या बाबांची बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यावर थोडी धानाची शेती आहे. गिऱ्हाईक वाढलं तर धानाला बरा भाव येईल, असं मलाही वाटलं. आजही दोन देशांनी एकमेकांना माल विकण्यात मला काही वाईट दिसत नाही.

नागपूरहून एक सल्लागार आला. गोरा, चुणचुणीत, हातात टॅबलेट. त्याने मिलभर फिरून नाक मुरडलं. तांदळात किडा नको, माती नको, तणाचं बी नको, पक्षी नकोत, उंदीर नकोत. सगळ्या अटी योग्यच होत्या. आठवड्याभरात खिडक्यांना जाळ्या लागल्या. भिंतींना चुना, फरशीला फिनेल, दरवाजांना रबराच्या पट्ट्या. मी शेठना म्हणाले, "शेठ, हेच तर मी मागत होती."

"तेव्हा कोणासाठी लावायच्या होत्या मॅडम?" ते म्हणाले. "रेशनवाल्यांसाठी?"

ते अगदी सहज बोलले. रेशनचा तांदूळ माझ्या घरी शिजत होता. मावशीच्या घरी शिजत होता. शाळेतल्या पोरांच्या खिचडीत जात होता. त्या दिवशी आनंदाने खाल्लेला पेढा आठवला आणि तो आता थुंकून टाकावासा वाटला.

कबुतरं जाळ्यांनी जाईनात. पत्र्याला फटी होत्या. मग सल्लागाराच्या सांगण्यावरून अंगणात विष लावलेला तांदूळ पसरला. दुसऱ्या दिवशी अंगणभर कबुतरं पडली होती. काही अजून पंख हलवत होती. मागच्या शेतातल्या बोडीच्या पाण्यावरही काही तरंगत होती आणि त्या शेताचा मालक बांधावर उभा राहून शिव्या देत होता. बायकांनी ती कबुतरं झाडून पोत्यात भरली. मावशीने नाकाला पदर लावला होता.

"तांदूळ खाऊन मेली, बाई," ती म्हणाली. "अन्नात विष घालाले हात कसा उचलते?"

त्या दिवशी डबा उघडला, भात पाहिला आणि झाकण लावलं. तो तसाच घरी नेला.

तपासणी जवळ आली तेव्हा सल्लागाराने शेठना सांगितलं की या बायका चालणार नाहीत. लुगडी, बांगड्या, तोंडात तंबाखूचा खर्रा, फोटोत वाईट दिसतं. त्याने नागपुरातल्या कुठल्याशा हॉटेलच्या कोर्सची पोरं-पोरी ठरवली होती. पांढरे कोट, टोप्या, हातमोजे घालून ती एक दिवस मिलचे कामगार होणार होती. मी शेठना म्हटलं, "बायकांनाच टोप्या आणि कोट द्या ना. काम त्याच करतात. विचारलं तर सांगू शकतील."

"तुमी लॅब पाहा, मॅडम," शेठ म्हणाले.

बायकांना त्या दिवशी येऊ नका असा निरोप मुकादमाकडून द्यायचा होता. मुकादमाने तो दिला नाही, की दिलेला पोचला नाही, देव जाणे. तपासणीच्या सकाळी रोजच्या एसटीनं त्या सगळ्या येऊन फाटकात उभ्या राहिल्या. आत पांढऱ्या कोटातली पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. पाहुण्यांच्या गाड्या भंडाऱ्याहून निघाल्याचा फोन आला होता आणि परतीच्या एसटीला वेळ होता. रस्त्यावर उभं ठेवलं तर गाड्यांतून दिसतील. शेठ आणि सल्लागार कोपऱ्यात कुजबुजले. मग मुकादमाने बायकांना मागच्या जुन्या गोदामात नेलं. तिथे कोंडा भरलेला असे. "थोडा वेळ बसा अंदर, आवाज करू नका," असं सांगून त्याने बाहेरून कुलूप लावलं.

मी तेव्हा लॅबमध्ये नमुने मांडत होते. मला हे नंतर कळलं.

पाहुणे आले. चीनचे दोन अधिकारी, त्यांच्यासोबत त्यांची भाषा बोलणारी आपल्याकडची एक तरुण दुभाषी आणि आपले एक साहेब. शेठनी हार घातले. बँडवाल्यांनाही बोलावणार होते, ते साहेबांनी नको म्हटलं. अधिकाऱ्यांतला वयस्कर होता तो कमी बोलणारा. हारातून मान काढून त्याने टॉर्च घेतला आणि सरळ कोपऱ्यात गेला. थप्पीच्या मागे, यंत्राच्या खाली, दारांच्या पट्ट्यांच्या आत. माझ्या लॅबमध्ये येऊन त्याने तांदूळ तळहातावर घेतला, फुंकर मारली, बोटाने एकेक दाणा सरकवला. काम जाणणारा माणूस होता. मनातून मला तो आवडला, हे मी कबूल करते. वाटलं, असा एखादा माणूस रेशनच्या तांदळासाठी का येत नाही कधी?

पांढऱ्या कोटातल्या एका पोरीला त्याने विचारलं की खाली सांडलेल्याचं तुम्ही काय करता. पोरगी गोंधळली. "डस्टबिनमध्ये टाकतो, सर." त्याने मान हलवली.

मग सगळे मागच्या अंगणात गेले. मीही नमुन्यांचा ट्रे घेऊन मागे होते. जुन्या गोदामापाशी तो थांबला आणि बंद दाराकडे बोट दाखवलं.

"जुनी मशिनरी पडली आहे," शेठ म्हणाले. "चावी भंडाऱ्याच्या घरी राहिली."

दुभाषीने ते सांगितलं. तेवढ्यात आतून कोणीतरी खोकलं. दाबलेला, कोंड्याने घसा धरलेला खोकला. पाठोपाठ दुसरीचा. शेठच्या कपाळावर घाम आला. आपले साहेब आकाशाकडे पाहू लागले. मी मुकादमाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ऊन पत्र्यावर तापत होतं. आत कोंडा. आणि सकाळपासून त्या आत.

वयस्कर अधिकारी दाराला कान देऊन क्षणभर उभा राहिला. त्याने ऐकलं होतं. मग टॉर्च विझवला आणि दुभाषीला काहीतरी म्हणाला.

"साहेब म्हणतात, पुढं चला," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

आणि सगळे पुढे गेले.

मी ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला. चौकीदाराच्या खोलीत गेले. चावी त्याच्या खिळ्यावरच होती. तो मध्ये आला.

"शेठनं सांगतलं नाही, मॅडम."

"मी सांगून राहिली. बाजूले व्हा."

कुलूप उघडलं तेव्हा आतली गरम हवा अंगावर आली. बायका दाराशीच दाटून बसल्या होत्या. केस, भुवया, पापण्या, सगळं कोंड्यानं माखलेलं. त्यांतली एक नवीन लग्न झालेली बाहेर येताच नालीपाशी बसून ओकली. मावशी भिंत धरून उभी राहिली. मी तिला पाणी दिलं. तिने आधी ओकणाऱ्या पोरीच्या डोक्यावर ओतलं आणि उरलेलं प्यायली.

आम्ही फाटकाकडे आलो तेव्हा पाहुणे गाड्यांपाशी उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. कोंड्याने माखलेल्या बायकांची ती रांग कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखी नव्हती. मावशीने मात्र पाहुणे आहेत म्हणून सवयीने हात जोडले.

"राम राम जी."

वयस्कर अधिकाऱ्याने किंचित वाकून मान दिला. मग त्याने बुटावरचा कोंडा झटकला आणि गाडीत बसला. दुभाषी तेवढी काचेतून आमच्याकडे पाहत राहिली.

गाड्या गेल्यावर शेठ माझ्यावर ओरडले. "बुडवलं तुमी मले! एका घंट्यानं मरत होत्या का त्या?"

मावशी एसटीची वाट पाहत झाडाखाली बसली होती. तिच्याजवळ जाऊन बसले. तिने सुपाएवढ्या सावलीत पाय ओढून घेतले. मग म्हणाली, "बाई, आमी काय किडे आहो का? किडे दिसू नये म्हून आमाले कोंडून ठेवलं?"

मला वाटलं होतं, मिल नापास होणार. खरं तर तशी माझी इच्छाच होती. काही महिन्यांनी यादी आली आणि त्यात आमच्या मिलचं नाव होतं. शेठनी पुन्हा पेढे वाटले. माझ्या टेबलावर पेढा ठेवून ते हसत म्हणाले, "पाहा मॅडम. त्यायले काही फरक पडला नाही. तुमीच उगा जीव काढून राहिल्या होत्या."

माझ्यासाठी सगळ्यांत घाण गोष्ट तीच होती. शेठ कसे आहेत ते मला माहीत होतं. पण इतक्या दुरून आलेल्या, दाणा-दाणा निरखणाऱ्या त्या माणसाने खोकला ऐकला आणि टॉर्च विझवला. त्याला तांदळात किडा नको होता. दाराआड कोण आहे, हे त्याच्या कामात बसत नव्हतं.

यादीत नाव आलं तरी मागणी काही आली नाही. भाव जमत नव्हता म्हणे. पांढरे कोट धूळ खात पडले, जाळ्या फाटल्या, कबुतरं परतली. मग सरहद्दीवर चकमक झाली. आपले जवान गेले. सगळीकडे संताप होता आणि तो खरा होता. आमच्या शेजारच्या गावातला एक पोरगा तिकडेच तैनात होता, त्याची आई जेवत नव्हती. शेठनी चौकात चिनी मालाची होळी करायचं ठरवलं. मिलच्या सगळ्या लोकांना तिथे हजर राहायला सांगितलं. घरातला कधीचा बंद पडलेला टीव्ही आणून त्यांनी चौकात ठेवला, पोरांनी खेळणी आणि दिव्यांच्या माळा टाकल्या. शेठनी टीव्हीवर पहिला दगड मारला आणि भाषण केलं. जळक्या प्लास्टिकचा वास कपड्यांत बसला.

त्याच संध्याकाळी मिलमध्ये तांदूळ निवडायच्या यंत्रावरची कंपनीच्या नावाची पट्टी मुकादम सुरीने खरवडत होता. ते यंत्र चीनचं होतं. मिलमधलं सगळ्यांत महाग यंत्र.

"फोटोत येऊ नये म्हून," तो म्हणाला. यंत्र मात्र चालूच होतं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत आणि चीनमधून कणीची मागणी आली. तांदळाची नाही, कणीची. तिकडे तिचं पशुखाद्य करतात, शेवया करतात, दारूही करतात म्हणे. एका दलालामार्फत ट्रक विशाखापट्टणमच्या बंदराकडे निघू लागले. पोत्यांवर त्यांची अक्षरं छापून आली होती. मी शेठना विचारलं, "शेठ, परवा तर चौकात..."

"ते देशासाठी होतं," ते शांतपणे म्हणाले. "हा धंदा आहे."

कणीचा भाव चढला तसा शेठचा हात आखडला. बायकांनी झाडलेली कणी नेण्याची रीत बंद झाली. फाटकावर चौकीदार त्यांच्या पिशव्या उघडून पाहू लागला. मावशी काही दिवस बाजारातून कणी घ्यायची म्हणाली, पण बाजारातही ती महागली होती. तिने एकेक करत कोंबड्या विकल्या. शेवटची, जिला ती भांडखोर म्हणायची, ती तिने शेजारणीला तशीच देऊन टाकली.

"इतका मोठा देश म्हणता ना, बाई," ती मला म्हणाली, "त्याले माझ्या कोंबड्याईचंच खायाचं होतं का?"

मग एक दिवस आपल्याच सरकारने कणी बाहेर पाठवणं बंद केलं. देशात धान्य कमी पडू नये म्हणून, असं बातम्यांत सांगितलं. बंदराकडे निघालेले ट्रक परत आले. गोदामात पोती छतापर्यंत गेली. पावसाळा सरला तेव्हा मी नमुना काढला तर चाळणीत कणीपेक्षा सोंडेच जास्त वळवळत होते. मूठ उघडली की हातावर चढायचे. कुबट, गोडसर वास.

शेठ म्हणाले, "धुरी देऊ, चाळून घेऊ, अन् थोडी थोडी रेशनच्या तांदळात टाकून देऊ. तुकडा चालतेच त्यात. तुमी फक्त पास म्हणा."

"मी नाही म्हणणार."

"कायले नाही? चीनच्या मालाले तुमी एकेक दाणा पाहत होत्या."

"तेव्हा तुमी पाहू देत होते, शेठ."

त्यांनी नमुन्याची चाळणी बाजूला सारली. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मी ॲप्रन खुंटीला अडकवला आणि निघाले. जिथे तक्रार करायची असते तिथे गेले, नमुनाही नेला. एका माणसाने तो घेतला, वास घेतला, नाकाशी रुमाल धरला आणि बघतो म्हणाला. पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही. माझ्या जागी आलेल्या मुलाने ती कणी पास केली, एवढं मावशीने सांगितलं. त्या हिवाळ्यात आमच्या घरी आलेला रेशनचा तांदूळ मी बोडीच्या काठावर नेऊन ओतला. आई खूप चिडली. अन्न असं फेकतात का, म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला तिला सगळं सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर गावात कोणाच्याच घरी चूल पेटली नसती.

मावशीनेही नंतर मिल सोडली. आता ती मुलीकडे पवनीला असते, नातवंडं सांभाळते. मी एका बियाणांच्या दुकानात काम करते. काम बरं आहे. लोक येतात, कोणतं धान लावू म्हणून विचारतात, मला जे माहीत आहे ते मी सांगते.

मागच्या महिन्यात शेठचा फोन आला. आवाज तसाच, खुशीतला.

"मॅडम, पुन्हा बोलणी सुरू झाली. यावेळी मोठं काम आहे. तुमच्यासारखं माणूस पायजे. जुनं सोडून द्या ना."

त्यांच्या आवाजात खरंच काही कडवटपणा नव्हता. मला वाटतं, त्यांना काही आठवतही नसावं. मी "नाही" म्हटलं आणि फोन ठेवला.

आई ओसरीवर लाखोरीची डाळ निवडत होती. "कोनाचा फोन होता?"

"मिलचा."

"कायले?"

"कामावर बोलावून राहिले होते."

"मंग?"

"नाही म्हटलं."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि सूप माझ्याकडे सरकवून थोडी जागा करून दिली.